लोखंड परत येतं, पैसा येत नाही: फाउंड्रीत क्वालिटीचा खर्च कसा मोजावा

“मॅडम, लोखंड कुठं पळून जातंय? परत भट्टीतच की!”

शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी क्वालिटीचं काम हातात घेतलं, त्याच आठवड्यात मोल्डिंगवरच्या (वाळूचे साचे करणाऱ्या) तात्यांनी मला हे ऐकवलं. समोर रिजेक्ट कास्टिंगचा, म्हणजे नापास झालेल्या ओतीव भागांचा, ढीग होता आणि क्रेन तो उचलून चार्जिंगकडे, भट्टीत माल भरायच्या जागी, नेत होती. आमचे मालकही हेच म्हणायचे. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. कापड फाडलं तर वाया जातं, लोखंड मात्र पुन्हा वितळतं. मग नुकसान कसलं?

हा समज फाउंड्रीचा फार मोठा पैसा खातो. म्हणून क्वालिटीचा खर्च कसा मोजायचा हे सांगताना मी इथूनच सुरुवात करते. तुमचा कारखाना मशीनिंगचा, प्लास्टिकचा किंवा फॅब्रिकेशनचा असला तरी पद्धत तीच आहे, फक्त आकडे तुमचे घाला.

आमच्याकडे ग्रे आयर्नचं (बिडाचं) एक हाउसिंग, म्हणजे यंत्राचं बाहेरचं कवच, होतं. तयार वजन ८ किलो. त्यासाठी साच्यात १२ किलो धातू ओतावा लागतो, वरचे ४ किलो रनर-रायझर (धातू आत नेणाऱ्या वाटा आणि आकसण्याची भरपाई करणारे साठे) म्हणून निघतात. नॉकआउटला साचा फोडला आणि कास्टिंग खराब निघालं, तर १२ किलो लोखंड परत मिळालं, हे खरं. आता परत न मिळालेलं मोजू. इंडक्शन भट्टीत एक टन वितळवायला आम्हाला साधारण ६०० युनिट वीज लागायची. युनिटला ९ रुपये धरले तर १२ किलोचे ६५ रुपये. वितळताना जळून जाणारा धातू २० रुपये. फेरोसिलिकॉन, इनॉक्युलंट वगैरे धातूत मिसळायचे पदार्थ २५. बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) आणि कोल डस्ट (कोळशाची पूड) धरून वाळूचा खर्च ३५. शेल कोअर, म्हणजे भागातली पोकळी तयार करणारा रेझिन-वाळूचा गाभा, ४०. मोल्डिंगपासून नॉकआउटपर्यंतची मजुरी ६०. बेरीज २४५ रुपये.

एका कास्टिंगमागे २४५ रुपये गेले, आणि वहीत त्याची नोंद कुठेच नाही. वीज वीजबिलात गेली, बेंटोनाइट खरेदीत गेलं, मजुरी पगारात गेली. क्वालिटीच्या खर्चाचं हेच दुखणं आहे. तो लपवावा लागत नाही, दुसऱ्या नावांखाली तो आपोआप लपतो.

मी मालकांना हा हिशेब एका पाठकोऱ्या कागदावर करून दाखवला. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हे सगळ्या पार्टांचं करून आणा.”

चार कप्पे

अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या आर्मंड फायगेनबॉम यांनी १९५६ मध्ये या खर्चाची विभागणी मांडली: चूक होऊ नये म्हणून केलेला खर्च, चूक शोधण्याचा खर्च आणि चूक झाल्यावर सोसलेला खर्च. पुढे तिसऱ्याचे दोन भाग झाले, माल आपल्या गेटच्या आत असताना सापडलेली चूक आणि गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर सापडलेली चूक. प्रतिबंध, तपासणी, आतलं अपयश, बाहेरचं अपयश असे हे चार कप्पे झाले. आज गाड्यांचे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांना लागणाऱ्या आयएटीएफ १६९४९ या मानकातही आतल्या आणि बाहेरच्या चुकांचा खर्च मॅनेजमेंट रिव्ह्यूत मांडायला सांगितलेला आहे. पण ऑडिटच्या आदल्या रात्री कसाबसा भरलेला तक्ता आणि खरोखर वापरायचा कागद यांत फार अंतर असतं. मी इथे दुसऱ्याबद्दल बोलते आहे.

कप्पे पाठ करायला सोपे आहेत. अडचण येते ती खर्च कुठल्या कप्प्यात टाकायचा इथे. फाउंड्रीतलंच बघा. वाळूची तपासणी रोज होते: ओलावा, कॉम्पॅक्टॅबिलिटी (वाळू किती दबते), परमिॲबिलिटी (तिच्यातून वायू किती सहज जातो). हा खर्च तपासणीचा की प्रतिबंधाचा? यावर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला आहे. शेवटी मी एकच प्रश्न विचारायला लागले: टेस्टचा आकडा चुकीचा आला तर काम थांबतं का? ओलावा वाढलेला दिसला आणि मिक्सरवाल्याने ती वाळू मोल्डिंगला जाऊच दिली नाही, तर तो प्रतिबंध. ओलावा वाढलेला दिसला, रजिस्टरात लिहिला, सही झाली आणि वाळू साच्यात गेली, तर ती तपासणीसुद्धा नव्हे, ती निव्वळ लिहिणावळ. आमच्याकडे वर्षानुवर्षं लिहिणावळच चालली होती. धातूचं रसायन मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचंही तसंच. ओतण्याआधी नमुना लावून रसायन दुरुस्त केलं तर त्याला लागणाऱ्या आर्गॉन सिलिंडरच्या पैशाचं चीज झालं. ओतून झाल्यावर फक्त सर्टिफिकेटसाठी नमुना लावला तर ती तपासणी.

बाकी फार ताणू नका. पॅटर्न आणि कोअर बॉक्सची (ज्यांवरून साचा आणि कोअर बनतात त्यांची) देखभाल, नव्या पोरांचं शिक्षण, नवा पार्ट सुरू होण्याआधीच्या ट्रायल हे प्रतिबंधात. इन्स्पेक्टरचे पगार, गेजचं कॅलिब्रेशन, बाहेरच्या लॅबची बिलं तपासणीत. एखादा खर्च दोन्हीकडे बसतो असं वाटलं तर कुठेही टाका, पण पुढच्या महिन्यात त्याच जागी टाका. जागा बदलत राहिली तर महिन्यांची तुलनाच होत नाही.

पकडलं कुठे, त्यावर भाव

माझ्या मते कागदातला सगळ्यात कामाचा भाग हा आहे. चूक एकच, पण ती कुठल्या टप्प्यावर सापडली यावर तिची किंमत ठरते. आमच्या त्याच हाउसिंगचं बघा. कोअर खराब आहे हे कोअर रूममध्येच दिसलं तर नुकसान ४० रुपये. नॉकआउटला दिसलं तर २४५. शॉट ब्लास्टिंग (लोखंडी छर्‍यांच्या माऱ्याने सफाई) आणि फेटलिंग (जादा धातू घासून काढणं) झाल्यावर दिसलं तर २९०. आमच्याच मशीन शॉपमध्ये बोअर (आतलं गोल भोक) मारल्यावर दिसलं तर ४७०.

आणि गिऱ्हाइकाकडे दिसलं तर?

ते एका जुलैत आम्ही पाहिलं. पावसाची झड लागलेली, कोअर रूमची भिंत ओली, आणि शेल कोअर दोन-दोन दिवस उघड्या रॅकवर पडलेले. कोअर हवेतला ओलावा ओढून घेतो. १४०० अंशांच्या आसपासचं लोखंड त्याच्याभोवती आलं की त्या ओलाव्याची वाफ आणि रेझिनचा वायू एकदम सुटतात, आणि व्हेंट (वायू बाहेर पडायची वाट) अपुरा असला की ते बुडबुडे धातूतच अडकतात. वरून काही दिसत नाही. त्या लॉटचं मशीनिंग गिऱ्हाइकाकडेच व्हायचं. ४०० नग चाकणला गेले आणि त्यांतल्या ९ नगांत बोअरच्या आत छिद्रं निघाली.

दुसऱ्या दिवशी मी तिथे होते. त्यांनी एक नग उभा कापून ठेवला होता. छिद्र हरभऱ्याएवढं, आतून गुळगुळीत आणि चकचकीत, जणू कुणी बोटाने फिरवून केलंय. हा वायूचा पुरावा. रायझर कमी पडून आकसल्याने झालेली पोकळी अशी नसते, ती खडबडीत, काटेरी असते, आणि वाळू अडकलेली असेल तर तळाशी दाणे दिसतात. कारण शोधायचं असेल तर आधी छिद्राच्या आत भिंगातून बघा. मला एवढं बघून कोअर रूमची ओली भिंत आठवली.

त्या ९ नगांचा हिशेब असा झाला. मशीनिंगसकट डेबिट नोट (गिऱ्हाइकाने आमच्याकडून कापलेली रक्कम), नगाला १,०२० प्रमाणे ९,१८० रुपये. उरलेला माल निवडायला बाहेरची ४ माणसं ३ दिवस, १३,२००. आमचा तिथे जाण्या-राहण्याचा खर्च ७,५००. तातडीचे नग स्पेशल टेंपोने पाठवले, ११,०००. ते ओतायला केलेला ओव्हरटाइम ६,४००. त्यांची लाइन थांबली म्हणून कापलेले १८,०००. एकूण ६५,२८० रुपये, म्हणजे नगामागे ७,२५३.

कोअर रूममध्ये ४० रुपयांत फेकून देता आला असता तो कोअर आम्हाला सात हजारांना पडला. त्या दिवसापासून मी रिजेक्शनची टक्केवारी सांगणं जवळपास सोडून दिलं. ४०० मध्ये ९ म्हणजे सव्वादोन टक्के, ऐकायला काहीच वाटत नाही. ६५,२८० रुपये म्हटलं की मालक खुर्ची पुढे ओढतात.

तुम्हीही प्रत्येक चालू पार्टासाठी असा टप्प्याटप्प्याचा दर एकदा काढून ठेवा. सगळे पार्ट घेऊ नका. जास्त टन जाणारे दहा-बारा पुरेत, उरलेल्यांना किलोवर सरासरी दर लावा. हे दर वर्षातून एकदा, किंवा विजेचा दर बदलला की, तपासा.

महिन्याचा कागद कसा भरायचा

बाहेरच्या अपयशापासून सुरुवात करा, कारण त्याचे कागद आधीच अकाउंट्समध्ये असतात. डेबिट नोटा, स्पेशल गाड्यांची बिलं, निवडणाऱ्या एजन्सीची बिलं, क्वालिटीच्या माणसांचे प्रवास-व्हाउचर. प्रवासाच्या व्हाउचरवर “कस्टमर व्हिजिट” एवढंच लिहिलेलं असतं. कशासाठी गेलात ते विचारून घ्या. तक्रारीसाठी गेलात तर या कप्प्यात, नव्या पार्टाच्या चर्चेसाठी गेलात तर नाही. गाड्यांच्या बिलांवरही असंच विचारा. आमच्याकडे एका वर्षी अर्ध्या स्पेशल गाड्या या रिजेक्शनमुळे नग कमी पडले म्हणून गेल्या होत्या, आणि डिस्पॅचचा पोरगा बिचारा उगाच बोलणी खात होता.

मग आतलं अपयश. रिजेक्शन रजिस्टरातले नग गुणिले त्या टप्प्याचा दर. इथवर सोपं आहे. अवघड आहे ते रिवर्क, कारण कारखान्याला त्याची सवय झालेली असते. आमच्याकडे एका पार्टाचा कोअर बॉक्स झिजला होता, त्यामुळे प्रत्येक कास्टिंगवर जाड फिन (जादा धातूची कड) यायची. फेटलिंगवाला ती ग्राइंडरने काढायचा, नगाला चारेक मिनिटं जास्त. वर्षभरात कुणीच तक्रार केली नाही, उलट कंत्राटदाराने त्या पार्टाचा रेट वाढवून घेतला आणि तो मंजूरही झाला. ते फेटलिंगचं काम नव्हतं, झिजलेल्या बॉक्सचा दंड होता. असे खर्च कागदावर बसून सापडत नाहीत. फेटलिंगला एक पूर्ण शिफ्ट उभं राहावं लागतं आणि प्रत्येक ठिणगीला विचारावं लागतं की ही का उडतेय.

आता मजुरीचा वाद. अकाउंट्सवाले म्हणतील, पगार तर तसाही द्यावाच लागतो, तो नुकसानीत कशाला धरता? त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. भट्टीला काम कमी असेल, माणसं बसून असतील, तर खराब नगाची मजुरी वेगळ्या ओळीत दाखवा. पण भट्टी भरलेली असेल आणि रविवारीही हीट (भट्टीची एक खेप) काढावी लागत असेल, तर मजुरी धराच, शिवाय त्या जागी जो चांगला नग ओतून विकता आला असता त्याचा नफाही धरा. एकच खराब कास्टिंग मंदीत स्वस्त आणि तेजीत महाग असतं.

तपासणी आणि प्रतिबंध हे दोन कप्पे भरायला तासभर पुरतो. पगारपत्रक आणि खरेदीची बिलं बघा, झालं. तिथे पैशाच्या अचूकतेच्या मागे लागू नका.

एक उलटतपासणी मात्र दर महिन्याला करा: धातूचा ताळेबंद. आमच्या एका महिन्याचे आकडे गोल करून देते. भट्टीतून ओतलेला धातू १२० टन. चांगली कास्टिंग ७० टन. रजिस्टरातलं रिजेक्शन ४ टन. या ७४ टनांचे रनर-रायझर ३७ टन. उरलेला धातू पिगमध्ये (पुन्हा वितळवायच्या लाद्यांत) ओतला तो ३ टन. बेरीज ११४. मग ६ टन गेले कुठे? थोडं सांडलं असेल, पण ६ टन सांडत नाही. ६ टन म्हणजे ४ टन कास्टिंग आणि त्यांचे २ टन रनर. रजिस्टरात जेवढं रिजेक्शन होतं, जवळजवळ तेवढंच रजिस्टराबाहेर होतं. रात्रपाळीत खराब नग न मोजता थेट रनरच्या ढिगात जात होते.

का जात होते, हे मला मनापासून सांगायचं आहे. आधीच्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं होतं की, ज्याच्या मोल्डवर रिजेक्शन जास्त त्याचा इन्सेंटिव्ह कापायचा. माणसं काय करणार? घर चालवायचं असतं. कापला जाईल तो नग मोजायचाच नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं. हा कागद माणसांना दंड करायला वापरला तर दोन महिन्यांत त्यातला प्रत्येक आकडा खोटा होतो, आणि खोट्या आकड्यांवर तुम्ही कोअर बॉक्स दुरुस्त करू शकत नाही. मी मालकांकडे जाऊन ती कपात बंद करून घेतली. पुढच्या महिन्यात रजिस्टरातलं रिजेक्शन चारवरून सात टनांवर गेलं. मी मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं की आकडा वाढेल, घाबरू नका. तुम्हीही हे आधी सांगा. मोजायला लागल्यावर पहिले तीन-चार महिने खर्च वाढलेलाच दिसतो, कारण जे आधी दिसत नव्हतं ते दिसायला लागतं.

खर्च कशाच्या तुलनेत मांडायचा? बरेच जण विक्रीची टक्केवारी काढतात. फाउंड्रीत ती फसवते. पिग आयर्न आणि भंगाराचे भाव चढले की कास्टिंगचा दर चढतो, विक्री फुगते आणि क्वालिटीचा खर्च टक्क्यांत आपोआप कमी दिसतो, शॉपमध्ये काहीही सुधारलेलं नसताना. मी विकलेल्या चांगल्या कास्टिंगच्या टनामागे किती रुपये, असं मांडते. गिऱ्हाईक नाराज होऊन पुढची ऑर्डर दुसरीकडे गेली, त्याचे रुपये काढत बसू नका. ते कागदाच्या खाली एका वाक्यात लिहा: अमुक पार्टाची नवी चौकशी आली नाही.

कागद हातात आल्यावर

मोठ्या आकड्यापासून मागे चालत जा. आमच्या त्या जुलैचे ६५,२८० रुपये बाहेरच्या अपयशात होते, मूळ होतं कोअर रूममध्ये. तिथे आम्ही एक छोटी बंद खोली केली, आत हीटर, हवेतला ओलावा दाखवणारं घड्याळ आणि रॅकवर तारीख लिहायच्या पाट्या. खर्च ३८,००० रुपये, प्रतिबंधाच्या कप्प्यात. जुना कोअर आधी वापरायचा, आणि पावसाळ्यात २४ तासांहून जुना असेल तर पुन्हा गरम केल्याशिवाय मोल्डिंगला द्यायचा नाही, एवढाच नियम. व्हेंटची भोकं मोठी केली, त्याला तर पैसेच लागले नाहीत.

एक चूक टाळा. प्रतिबंधावर खर्च केला की लगेच इन्स्पेक्टर कमी करायचा मोह होतो. करू नका. आतलं रिजेक्शन निदान एक पावसाळा पार करून खाली राहिलं, तर मग शंभर टक्के तपासणीवरून नमुना तपासणीवर या, तेही एकेका पार्टाचं. आधी अपयश खाली येतं, तपासणी त्याच्या मागून. उलटं केलं तर आतली चूक दिसेनाशी होते आणि थेट चाकणहून फोन येतो.

कोअर रूमच्या दारावर आता एक फळा आहे. त्यावर त्या हाउसिंगचे पाच आकडे खडूने लिहिलेले आहेत: ४०, २४५, २९०, ४७०, ७,२५३. तो फळा मी लावलेला नाही. तात्यांनी मला एकदा विचारलं, “मॅडम, तो कागद ऑफिसात ठेवून आम्हाला काय कळणार?” आणि स्टोअरमधून फळा आणून स्वतःच आकडे उतरवून काढले. विजेचा दर वाढला की दुसरा, तिसरा आणि चौथा आकडा बदलावा लागतो. या वेळी ते बदलायला मला आठ दिवस उशीर झाला, तर तात्यांनी दोनदा आठवण केली.